पोपटाचा पहिला नंबर

एकादशीला आमचं शिंपीकाम बंद असायचं. विठ्ठलाच्या दिवशी सुई हातात धरायची नाही, हा पणजोबांपासूनचा नेम. संध्याकाळी भजन आटोपलं की अप्पा दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर कापडाऐवजी बटणं मांडायला घ्यायचे. पितळेचं बटण म्हणजे घोड्याचा सिनेमा. कोटाचं काळं, चार भोकांचं, म्हणजे विहिरीचा. लाल काचेचं म्हणजे जळत्या किल्ल्याचा. आणखीही होती, आणि सगळ्यात शेवटी, टवका उडालेलं शिंपल्याचं बटण म्हणजे पोपटाचा. डावीकडचं बटण सर्वांत चांगल्या सिनेमाचं, उजवीकडचं सर्वांत टाकाऊ सिनेमाचं, आणि मधल्या बटणांवरून भांडणं.

हे सगळे सिनेमे एकाच दिग्दर्शकाचे होते. मुके सिनेमे, अप्पांच्या तरुणपणी म्हैसूरला तंबूत लागलेले. मी जन्मायच्या आतच बोलपट येऊन बसले होते आणि या मुक्या सिनेमांची रिळं कुठे जळून, कुठे सडून नाहीशी झाली होती. म्हणजे ज्यांचे नंबर लावण्यात दोन मोठी माणसं घसा कोरडा करत होती, ते सिनेमे कुणालाच परत बघता येणार नव्हते. मला लहानपणी याचं फार वाईट वाटायचं. जेवण होऊन गेल्यावर घरी आलेल्या पाहुण्यासारखी माझी गत, नुसता वास घ्यायचा.

दुसरं मोठं माणूस म्हणजे अप्पांचे जुने दोस्त, पलटणीमामा. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या घोडदळात होते. मामा स्वतः पोस्टात पत्रं निवडायचे आणि घोड्याला दुरूनच नमस्कार करायचे, पण पूर्वजांचं रक्त बोलायचं. घोड्याच्या सिनेमाला पहिला नंबर मिळालाच पाहिजे, नाहीतर कॉफी पिणार नाही, असं ते दर एकादशीला म्हणायचे आणि दर एकादशीला प्यायचे. त्यात राजपुत्र लढाईत पडतो आणि घोडा एकटा घरी येतो. मामा ते सांगताना स्वतःच घोडा होऊन मान खाली घालत.

अप्पांचा पहिला नंबर विहिरीचा. दोन भाऊ वाटणी करतात, घर तोडतात, अंगण तोडतात आणि शेवटी विहिरीच्या मधोमध भिंत घालतात. पण भिंत काही पाण्यापर्यंत पोचत नाही. शेवटी दोन जावा दोन बाजूंनी घागरी सोडतात आणि खाली पाण्यात त्या एकमेकींना लागतात. तिथेच सिनेमा संपतो. "ते बघून तंबूतली माणसं शिट्ट्या मारायची विसरली," अप्पा सांगायचे. तो दिग्दर्शक मराठी, म्हणून अप्पा त्याला 'आपला माणूस' म्हणायचे. आमच्या घराण्यातल्या कुणी कित्येक पिढ्या महाराष्ट्र बघितला नव्हता. आमच्या मराठीत निम्मी कन्नड मिसळलेली. पण कुठे तिकडे एक आपला माणूस आहे आणि त्याने विहिरीत भिंत घातली, एवढ्यावर अप्पांची छाती फुगायची.

पोपटाच्या सिनेमाबद्दल मात्र दोघांचं एकमत. राजाला शाप लागतो, तो पोपट होतो आणि पिंजऱ्यात बसून राज्य चालवतो. पोपट कापडाचा होता. "पोटावरची शिवण दिसत होती," अप्पा चिडून सांगायचे, "तीसुद्धा कच्ची! धावदोरा!" आपल्या माणसाने असं करावं याचं त्यांना शिंपी म्हणून आणि मराठी म्हणून, असं दुहेरी दुःख होतं.

बटणं लागली, भांडण मिटलं, की अम्मा कॉफी घेऊन यायची. पेले ठेवायची, पदराला हात पुसायची आणि उजव्या टोकाचं शिंपल्याचं बटण एका बोटाने सरकवत सरकवत थेट डाव्या टोकाला नेऊन ठेवायची. पोपटाचा पहिला नंबर! मग काळं बटण उचलायची आणि त्याला उजवीकडे, सगळ्यांच्या मागे टाकायची. विहीर शेवटी!

"याके?" अप्पा विचारायचे. का, हा प्रश्न आमच्या घरात कन्नडमध्येच विचारला जायचा. "याके, सांग की. काय बघितलंस त्या पोपटात?"

"मला आवडतो. साकु." साकु म्हणजे पुरे. ती आत निघून जायची.

अम्माचा हा निकाल आमच्या डोक्यावरून जाण्यासारखा होता, पण त्याला एक सबब होती. तिने ते सिनेमे उलटे बघितले होते. तंबूत पडदा मधोमध टांगलेला असे. पुरुष पुढच्या बाजूला जमिनीवर, बायका पडद्यामागे. खेळाच्या आधी एक माणूस झारीने पडद्यावर पाणी मारायचा, म्हणजे ओल्या कापडातून चित्र पलीकडे उमटायचं. उमटायचं, पण आरशात दिसावं तसं. अम्माच्या आठवणीतले सगळे शूर वीर डावखुरे. अक्षरं आली तर तीही उलटी, पण त्याचं तिला काही नाही, तिला सुलटीही वाचता येत नव्हती. पुरुषांच्या बाजूला एकजण ती मोठ्याने वाचून दाखवायचा, ते बायका ऐकायच्या. मी लहानपणी अप्पांचा घोडा उजवीकडे पळवायची आणि अम्माचा डावीकडे, कारण दोघांचंही मन राखायचं होतं.

शिवाय आमच्या आजीचा कायदा होता. पहिल्या दिवशी अप्पा आणि मामा दोघांनीच जायचं, सिनेमा घरच्या बायकांनी बघण्याजोगा आहे का ते बघून यायचं, आणि मग एक दिवस आजी सुनांना घेऊन जायची, सोबतीला परत हे दोघं. त्यामुळे प्रत्येक सिनेमा अप्पांनी दोनदा बघितलेला आणि अम्माने एकदा. "दोनदा बघणाऱ्याचं मत धरायचं की एकदा, तेही उलटं बघणाऱ्याचं?" अप्पा मला साक्षीला ओढायचे. मी शेंगदाणे खात बसायची. दोघांच्या भांडणात पडू नये, एवढी अक्कल मला होती.

मामांना अप्पांची थट्टा करायला एक हुकमी विषय होता. तंबूत मशीन एकच. रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत मशिनीपाशी गॅसबत्ती लावायचे. "बत्ती लागली की हा उभा!" मामा सांगायचे. "धोतर झटकणार, टोपी काढणार, परत घालणार, जरासा तिरका उभा राहणार, फोटो काढायला आल्यागत. मागची माणसं ओरडतात, कूतको, कूतको, खाली बस म्हणून. याला ऐकूच येत नाही. आणि पोपटाच्या वेळी तर काय, रीळ जुनं, घडीघडी तुटायचं. हा उठतो, बसतो, उठतो, बसतो."

"पायांना मुंग्या यायच्या," अप्पा म्हणायचे. टेबलाशी पहाटेपासून उभं राहणाऱ्या माणसाच्या पायांना तंबूत बसल्या बसल्या मुंग्या येत असतील तर येवोत बिचाऱ्या. आम्ही हसायचो आणि विषय पुढे जायचा.

"विहिरीला बरं होतं," मामा म्हणायचे. "तेव्हा तंबूवाल्याने दोन मशिनी आणल्या होत्या. एक थांबली की दुसरी सुरू. बत्तीच नाही. बसला गप."

एकदा अप्पांनी वैतागून शिंपल्याचं बटण लपवून ठेवलं. नावडतीचं मीठ अळणी, तसं त्या बटणाचं झालं होतं, त्याचं काहीच त्यांना बघवेना. अम्मा कॉफी घेऊन आली, रांग बघितली. बटणांच्या डब्यात हात घालून तिने दुसरं शिंपल्याचं बटण काढलं, पहिल्या जागी ठेवलं आणि गेली. अप्पांनी कपाळाला हात लावला. पण मला आठवतं, ते हसत होते. मला वाटलं, हरल्यामुळे.

वर्षं गेली. हुणसूरच्या शाळेत मला नोकरी लागली. सकाळची बस धरायची, तंबाखूच्या गाठोड्यांशेजारी बसून जायचं आणि संध्याकाळी तोच वास अंगावर घेऊन परत यायचं. लग्न केलं नाही. त्याचं कारण विचारणाऱ्यांना मी हुणसूरच्या बसचं वेळापत्रक सांगायची. एकादशी मात्र चुकवली नाही. म्हैसूर बदलत गेलं, तयार कपडे आले, दुकानात सुटांपेक्षा शाळेचे गणवेष जास्त शिवले जाऊ लागले, पण बटणं त्या टेबलावर लागत राहिली. अप्पांची एक हौस वाढत गेली होती. विहिरीचा सिनेमा एकदा परत बघायचा. "तिला पुढच्या बाजूला माझ्याशेजारी बसवून दाखवायचा," म्हणायचे. "मग बघतो पोपट कसा पहिला येतो."

ते काही झालं नाही. अप्पांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी टेबलाशी उभं राहायला मनाई केली, त्यानंतर ते खाटेवरच पडून असत. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी अम्मा त्यांना पेज भरवत होती, मी उशाशी होते. अप्पांनी मध्येच तिचा चमचा थांबवला.

"आता तरी सांग की. याके?"

अम्माने माझ्याकडे बघितलं, मग पेजेकडे. "बरे व्हा आधी. मग सांगते."

ते बरे झाले नाहीत.

त्यानंतर अम्माने बटणांच्या डब्याला हात लावला नाही. एकादशीला मामा यायचे, कॉफी प्यायचे, घोड्याचं नावही काढायचे नाहीत आणि जायचे. ते घर मला खायला उठायचं. माणूस गेल्याचं दुःख असतंच, पण मला त्या भांडणाची भूक लागली होती. असं काही आपलं दुःख असू शकतं, हे शाळेतल्या बायकांना सांगता आलं नसतं.

आणि मग, दैव कसं खोडकर असतं बघा, आमच्याच गावात जयलक्ष्मीपुरममध्ये विद्यापीठाच्या पोरांनी चांगले सिनेमे दाखवण्याचं एक मंडळ काढलं होतं, तिथे त्या दिग्दर्शकाचा एक सिनेमा येणार असल्याचं कळलं. पुण्याकडे कुठेतरी दोन रिळं सापडली होती. सगळं जळलं, सडलं, आणि त्यातून एकाच सिनेमाची दोनच रिळं वाचली. मला वाटलं, विहीर असेल. मनात म्हटलं, पांडुरंगा, विहीर असू दे. तो पोपट होता.

मी अम्माला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. "मागं बसायला मिळेल का?" तिने विचारलं.

"मागं म्हणजे?"

"पडद्याच्या मागं."

तो कॉलेजचा हॉल होता. पडदा भिंतीवर टांगलेला. त्याच्या मागे चुन्याची भिंत आणि भिंतीमागे सायकली. अम्मा आत शिरल्याबरोबर तिकडेच गेली, पडद्याची कड उचलून बघितली आणि भिंतीला हात लावून परत आली. "पुढंच बसायचं होय," म्हणाली. तिसऱ्या रांगेत मी तिला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ती पुरुषांच्या बाजूला बसत होती, आणि शेजारी मी.

सिनेमा सुरू झाला. काय सांगू! जन्मभर ज्याचा वास घेतला तो पदार्थ पानात पडला, आणि तो खरंच टाकाऊ होता. पोपटाची शिवण दिसत होती. धावदोराच! मला अप्पांना हलवून सांगावंसं वाटलं, आणि माझे डोळे भरले. पोरं हसत होती. अम्मा हसत नव्हती. ती फारसं बघतही नव्हती, मांडीवर हात ठेवून बसली होती, गाडीची वाट बघणारी माणसं बसतात तशी.

मग पहिलं रीळ संपलं. मशीन चालवणाऱ्या पोराने दिवा तसाच चालू ठेवला आणि दुसरं रीळ शोधायला लागला. पडदा नुसता पांढरा झाला. अम्मा एकदम ताठ बसली. डोक्यावर पदर घेतला. आणि जो पोपट तिने बघितला नव्हता त्याच्या जागी त्या कोऱ्या पडद्याकडे टक लावून बघायला लागली. एक विद्यार्थी उठून दाराकडे गेला, जाताना त्याची सावली पडद्यावर पडली. अम्मा खुर्चीतून अर्धी उठली. मग परत बसली.

"काय झालं, अम्मा?"

"सुम्ने," ती म्हणाली. उगीच. "कोण उभंच राहत नाही गं इथं."

दुसरं रीळ आम्ही बघितलं नाही. बाहेर सायकलींपाशी एका कट्ट्यावर तिला बसवलं, आणि जे अप्पांनी जन्मभर विचारलं ते तिने मी न विचारता मला सांगितलं.

"आमच्या वेळेला दिवसा नवऱ्याकडं बघायचं नव्हतं. सासू असायची, दीर असायचे. मी मान खाली घालून वाढायची, ते मान खाली घालून जेवायचे. त्यांचं नाक कसं आहे ते मला गोत्तिल्ला, ठाऊक नाही, लग्न होऊन वर्ष झालं तरी. मग तंबूत गेलो. पुढं बत्ती लागली आणि पडद्यावर माणसांच्या सावल्या पडल्या. त्यात एक उभी होती. टोपी काढली, परत घातली. टोपीवरून ओळखलं मी. नाक दिसलं." ती स्वतःशीच हसली. "अत्या, तुझी आजी, शेजारी बसलेल्या. त्यांना वाटलं मी सिनेमा सुरू व्हायची वाट बघते. मी पोटभर बघितलं. कोण काय म्हणणार? पडद्याकडं तर बघते मी. आणि पोपटाच्या वेळेला, अय्यो, किती वेळा रीळ तुटलं! किती वेळा उभे राहिले ते!"

"आणि विहीर?"

"त्यात एकदासुद्धा बत्ती लागली नाही. मी घरी येऊन रडले."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. अम्माने ती इतकी घट्ट झाकली होती की ज्याच्यासाठी झाकली तो निघून गेला. "अप्पांना का नाही सांगितलंस?" मी जरा रागानेच विचारलं.

"लाज वाटायची. मग म्हातारे झालो तेव्हा म्हातारपणाची लाज वाटायची. आणि त्यांच्या पायांना मुंग्या यायच्या म्हणून ते उभे राहायचे. मी फुकटचं बघून घेतलं. ते काय सांगायचं?"

पायांना मुंग्या. ते शब्द ऐकले आणि माझ्या डोक्यात मामांची थट्टा घुमायला लागली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर हुणसूरच्या बसमधून उतरले ती घरी न जाता मामांकडे गेले. मामा आता थकले होते, अंगणात ऊन खात बसले होते.

"मामा, एक सांगा. बत्ती लागली की अप्पा उभे राहायचे, ते पहिल्या दिवशीसुद्धा? तुम्ही दोघंच जायचात तेव्हा?"

मामा विचार करत बसले. घोड्याचं काही विचारलं असतं तर झटक्यात उत्तर आलं असतं.

"पहिल्या दिवशी?" ते म्हणाले. "नाही. पहिल्या दिवशी मांडी मोडायचा नाही तो. बत्ती लागली की विडी पेटवायचा, बसूनच. ते उभं राहणं सगळं दुसऱ्या खेपेला." मग ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. म्हातारं माणूस, पण घोडदळाचं डोकं, हळूहळू का होईना, पोचलं. "दुसऱ्या खेपेला तुझी आजी यायची नाही का सगळ्यांना घेऊन," ते म्हणाले, आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली.

घरी येऊन मी अम्माला जसंच्या तसं सांगितलं. ती दुकानात टेबलाशी बसली होती. तिने मला तेच परत सांगायला लावलं.

"पहिल्या दिवशी नाही उठायचे?"

"नाही."

"बसून विडी ओढायचे?"

"मामा म्हणाले तसं."

 मग तिच्या तोंडावर जे आलं ते मी तिच्या तोंडावर कधी बघितलं नव्हतं. "मग त्यांना गोत्तु होतं," ती म्हणाली. "मी बघते ते ठाऊक होतं त्यांना. मग एकादशीला एकादशीला याके, याके म्हणून विचारत का होते गं?"

शाळेत मला सगळ्या प्रश्नांची उत्तरं येतात. याचंही येत होतं. पण ते मी द्यायचं नव्हतं. तिला ते आलं तेव्हा तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि रडली. अप्पा गेले त्या दिवशीही ती इतकी रडली नव्हती.

पुढच्या एकादशीला ती स्वतः उठली आणि बटणांचा डबा काढून आणला. मामांना बरं नव्हतं, आम्ही दोघीच. तिने एकेक बटण लावलं. पितळेचं, लाल, बाकीची. काळं विहिरीचं शेवटी. टवका उडालेलं शिंपल्याचं सगळ्यांच्या पुढे. मग कॉफीचा पेला अप्पांच्या रिकाम्या स्टुलासमोर ठेवला आणि तिथेच उभी राहिली, आत गेली नाही. मला कळलं, ती कशाची तरी वाट बघत होती.

"याके?" मी विचारलं. "सांग की, याके?"

अम्माने डोक्यावर पदर घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, स्टुलाकडे बघितलं.

"त्यात तुमी जास्त वेळ दिसलात," ती म्हणाली.